मास्तरांचा लाल दिवा

मास्तरांचा हात लुळा पडला, तेव्हा मुलाने त्यांचा दूरच्या मित्रांशी बोलायचा हॅम रेडिओ संगणकाला जोडून बोलताना दाबायच्या बटणाची कटकटच मिटवली. बोललं की लाल दिवा लागायचा आणि आवाज त्या मित्रांपर्यंत जायचा. पण पुढे मास्तरांचा आवाजही खोल गेला. भांडं पडलं तरी दिवा लागे, त्यांच्या बोलण्याने मात्र नाही.

सकाळी रेडिओवर मित्रांच्या हजेरीत हाक आली, "मास्तर, आहात ना?"

मास्तरांचे ओठ नुसतेच हलले.

"अहो, जोर लावा! माझ्यावर खेकसताना बरा फुटायचा आवाज!" मास्तरीणबाई कडाडल्या. दिवा लागला.

"वहिनी, तुम्ही ऐकू आलात. मास्तर कुठेत?"

"इथेच आहेत! बोलतायत, ऐका!"

नवऱ्याचं ऐकू जावं म्हणून बाईंनी जन्मात पहिल्यांदा तोंड मिटलं. मास्तर खरंच बोलू लागले, आणि दिवा विझला.