केकड्याचं पाणी

राग माझ्या नाकावर असतो, हे माहेरचे सांगतील, सासरचे सांगतील आणि माझी सहा वर्षांची मयुरीही सांगेल. म्हणून मीच आधी सांगून टाकते. त्या दिवशी सकाळपासून मी चिडलेली होते आणि चिडायला कारणंही ढीगभर होती.

जुनं घर पाडलेलं, घरकुलाच्या भिंती खिडकीपर्यंत येऊन थांबलेल्या, आणि आम्ही बैलांच्या कोठ्यात राहत होतो. बैल बिचारे मांडवात. नवरा, प्रवीण, गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात कामाला. लग्नापासून मीही तिथेच राहिले. सासू गेल्यावर सासऱ्यांना दोन घास कोण शिजवून घालणार, म्हणून या उन्हाळ्यात मयुरीला घेऊन आरमोरीजवळच्या गावी आले. धानाची शेती मी तोवर फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिली होती.

स्वयंपाकघर म्हणजे तीन विटा. गॅसची टाकी संपलेली. पाटा-वरवंटा मलब्याखाली कुठेतरी गाडलेला. हाताशी होता एक ॲल्युमिनियमचा गंज, दोन ताटं, एक गिलास आणि मयुरीची वाटी. चिमटा नाही, पळी नाही, गाळणी नाही. सरपण तर असं ओलं, की फुंकून फुंकून माझंच धुरांडं व्हायचं.

मयुरी आठ दिवस खोकत होती. औषधाची बाटली संपली, खोकला जागच्या जागी. माझे सासरे लटारू, त्यांना मी मामाजी म्हणते, ते सकाळी म्हणाले, "केकड्याचं पानी पाज वं सुनबाई. दोन दिवसात खोकला पयते. संध्याकायी मी नाल्यावरून धरून आनतो, तवरीक थांब."

असं सांगून ते सायकल घेऊन आरमोरीला खत आणायला गेले. आता संध्याकाळपर्यंत थांबेन तर मी दिव्यानी कसली! पोरीने रात्रभर खोकून डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. खेकडे काय, नाल्यातच असतात का? मी घमेलं उचललं आणि आमच्याच बांधीवर, धानाच्या शेतात, गेले.

खेकडे पाळीवरच, म्हणजे शेताच्या मातीच्या बांधावरच बसलेले होते, बिळांच्या तोंडाशी. आठ-नऊ तरी असतील. हात लावला तरी पळेनात, नांगी उगारेनात. शेजारच्या बुधरीकाकू बोटांवरचे ओरखडे दाखवून केकडे धरण्याच्या मोठमोठ्या गोष्टी सांगायच्या. मला हसू आलं. एवढं काय त्यात? मी तर भाजी निवडावी तसे उचलून घमेल्यात टाकले.

पाळीवर जागोजाग पळसाच्या काड्या खोचल्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाला लाल चिंधी. पिकाला दृष्ट लागू नये म्हणून असतील, असं मी समजले. दोन दिवस पावसाने उघाड दिली होती, त्यामुळे काड्या खडखडीत वाळलेल्या. ओल्या सरपणाने माझा जीव खाल्ला होता. धानाला लागली दृष्ट तर लागो, आधी माझ्या पोरीचा खोकला. मी सगळ्या काड्या उपटल्या आणि बगलेत मारून घरी आणल्या.

चूल पहिल्या फुंकरीला पेटली. खेकडे धुतले, पाय तोडले, दगडावर ठेवून विटेने ठेचले. गाळायला काय घ्यावं? काड्यांवरच्या चिंध्यांतली एक चांगली हातभर होती, जुन्या लुगड्याची. ती दोनदा धुतली, पिळली आणि तिच्यातून सगळं गंजात गाळलं. हळद, मिरे, मीठ. उकळी आली तेव्हा उग्र वास सुटला. चिखलाचा असेल म्हणून मी लसणाच्या चार पाकळ्या जास्त टाकल्या. चमचा नव्हता, मिठाचा अंदाज येईना. गिलासात घेऊन दोनदा चव पाहिली. तिसऱ्यांदा अर्धा गिलास घेतला, कारण सकाळपासून पोटात काहीच नव्हतं. खरं सांगू? मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

मयुरीने वाटी नाकापाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "आई, वास येते."

"नाक दाबून पी."

"मले नाई पायजे."

मी हात उगारला. "वाटी रिकामी नाही दिसली, तर पाठ सोलून काढीन!"

ती वाटी सांभाळत कोठ्याच्या मागे गेली. थोड्या वेळाने परत आली आणि वाटी माझ्यासमोर उलटी करून दाखवली. "सारं पेली."

अर्ध्या तासाने मामाजी आले. सायकलवरून खताची पिशवी उतरवता उतरवता त्यांची नजर दोरीवर वाळत घातलेल्या चिंधीवर गेली.

"सुनबाई, हे चिंदी कुठून आनली?"

"पाळीवरच्या काडीची. गाळायला काही नव्हतं ना."

"काय गायलं?"

"केकडे. पाळीवरच भेटले."

पिशवी त्यांच्या हातून खाली पडली. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून एकेक बोट पाहिलं. असे हात त्यांनी माझे कधी धरले नव्हते.

"एक बी चावला नाई तुले?"

"नाही."

"अवं बाई, काल दुपारी बिळाबिळात जहर टाकलं मी! केकडे पाळ पोखरून राह्यले, बांधीत पानी थांबेना. जिथी जहर टाकलं तिथी लाल चिंदीची काडी खोचते. सारा गाव जानते हे!"

साऱ्या गावाला माहीत असलेली गोष्ट कोणी कोणाला सांगत नाही. मला कोणी सांगितली नव्हती. मयुरी खाटेवर बसून पाय हलवत होती. मी तिला खांद्यांना धरून हलवलं. "किती प्यायलीस? खरं सांग! वाटीत काही ठेवलं होतंस का?"

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "सारं पेली ना मी. खरंच."

तेवढ्यात देवानेच पाठवल्यासारखे आरमोरीचे गफ्फारभाऊ आले. आठवड्यातून एकदा ते ऑटोत भांडी आणि प्लास्टिकचं सामान भरून गावोगाव विकतात. मामाजींनी रस्त्यात आडवं होऊन ऑटो थांबवला. गफ्फारभाऊंनी एकही प्रश्न विचारला नाही. दोन टब रस्त्यावर उतरवून जागा केली आणि म्हणाले, "बसा बाई, लवकर बसा."

तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. डोक्यावर चहाच्या गाळण्या टांगलेल्या होत्या, खड्ड्याखड्ड्याला त्या वाजायच्या. वीस-वीस रुपयांच्या गाळण्या! मयुरीला मी मांडीवर घट्ट धरलं होतं. ती खोकली की माझं काळीज हलायचं, खोकली नाही की आणखीच हलायचं. तिच्या नाकापुढे बोट धरून मी श्वास पाहत होते. मला दरदरून घाम फुटला होता. तोंडात पाणी सुटत होतं, गिळून गिळून संपेना. पोटात पीळ पडत होता. समोरचा रस्ता धुरकट दिसायला लागला, तेव्हा वाटलं, मी रडत असेन. भीतीने माणसाचं काय काय होतं, एवढंच मनात आलं. देवा, हिचं काय असेल ते मला दे, मी म्हणत होते. मोठ्याने म्हणत होते.

"बाई, पोरगी बरी दिसते," गफ्फारभाऊ आरशातून बघत म्हणाले. मी त्यांच्यावरही ओरडले, गाडी हाका म्हणून.

दवाखान्यात नर्सबाईंनी मयुरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी पाहिली. डॉक्टर म्हणाले, पोट धुवावं लागेल. नर्सबाईंनी लांब रबरी नळी काढली. ती पाहिली मात्र, मयुरीने हंबरडा फोडला.

"मी नाई पेली! मी नाई पेली! उकिरड्यावर ओतलं सारं! आई मारते म्हनून खोटं सांगतलं!"

मामाजी मटकन खाली बसले आणि कपाळाला हात लावून रडायला लागले. मला हसायचं होतं. तिला उराशी धरायचं होतं. पण नर्सबाई माझ्याकडे पाहत होत्या. माझा पदर घामाने चिंब होता आणि तोंडातून लाळ गळत होती, हे मला तेव्हा कळलं.

"ताई, तुमी पेल्या का ते?"

नाही, म्हणणार होते. रांधणारी बाई चाखलेलं कुठे मोजते? "चव पाहिली," मी म्हटलं. "तीनदा."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. "सर, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या!" हे त्यांचे शब्द मी ऐकले. जमीन वर आली, एवढं आठवतं.

शुद्ध आली तेव्हा दुसऱ्या दिवशीची दुपार होती. हाताला सलाईन, जीभ टाळूला चिकटलेली. इंजेक्शनांनी तोंड असं कोरडं पडलं होतं की शब्द फुटेना. खाटेच्या पायथ्याशी मयुरी उभी होती, लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"आई," ती म्हणाली, "मी फेकलं म्हनून मारशील का?"

बाळा, तू फेकलंस म्हणून तर आहेस, मला सांगायचं होतं. आवाज निघाला नाही. म्हणून मी हात उचलला, तिच्या केसांवरून फिरवायला.

तिने डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यांत ओढून घेतली.

आदल्या दिवसभरातली सगळी भीती एकीकडे आणि हे एकीकडे. हात तसाच थांबला. मग मी तो हळूच गादीवर ठेवला, तळवा वर करून, आणि वाट पाहत पडून राहिले. मामाजी तिला पुढे ढकलू लागले, तर मी मानेनेच नको म्हटलं.

तिने आपलं बोट माझ्या हातात दिलं, तेव्हा संध्याकाळ झाली होती.