मी चारचाच आकडा दाखवला होता

मी एक जुना फासा आहे, मित्रांनो, वीस पैलूंचा, आणि मी माफी मागायला आलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या टेबलावर एका मुलीचा आवडता जीव गेला तो माझ्यामुळे, असं अजूनही काही जण म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या लुलिओ गावात, बंदरातल्या एका शेडमध्ये झाला. यॉर्डिस नावाची म्हातारी तिथे होड्या दुरुस्त करायची. कामातून उरलेली पिवळी राळ तिने साच्यात ओतली, माझ्या कडा घासल्या, आकडे कोरले. मग खूप मीठ घातलेल्या पाण्यात मला तरंगत ठेवून तिने बोटाने शंभरदा फिरवलं. दर वेळी एकच पैलू वर आला असता तर मी एका अंगाला जड, म्हणजे लबाड ठरलो असतो. तसं झालं नाही. "खरा आहेस," एवढंच ती म्हणाली. तेवढं मला जन्मभर पुरलं.

तिने मला सिक्स्टेनच्या स्वयंपाकघरात नेलं. तिथे दर गुरुवारी दुपारी, वाटाण्याचं सूप आणि जॅम लावलेले पॅनकेक संपले की खेळ मांडला जायचा. सिक्स्टेन गोष्ट सांगायचा. बाकी प्रत्येकाचं त्या गोष्टीत एक पात्र असायचं, स्वतः घडवलेलं, कागदावर लिहिलेलं. पात्र संकटात सापडलं की मला टाकायचे. मोठा आकडा आला तर निभावलं. पात्र मेलंच, तर त्याचा कागद कपाटाच्या वरच्या खणात जायचा. तिथून कागद खाली काढायचा नाही, हा त्या घरचा रिवाज.

सिक्स्टेनची भाची मायकेन नऊ वर्षांची असताना खेळायला लागली. तिची अल्विन ही जादूगार होती, मंत्रउडी मारणारी. इथे नाहीशी झाली की पापणी लवायच्या आत दूर कुठेतरी उगवायची. पण या विद्येला कुंपण होतं. ओळखीच्या जागी जायचं तर माझा फक्त एकाचा आकडा वाईट. जागा एकदाच पाहिलेली असली तर पाचपर्यंतचे वाईट, आणि नुसती ऐकलेली असली तर दहापर्यंतचे. चालत्या जहाजावर उडीच नाही, कारण मंत्र म्हणून होईस्तोवर जहाज पुढे गेलेलं असतं. आणि वाईट म्हणजे काय? जादूगार खडकाच्या पोटात उगवतो. तिथून कुणी परत येत नाही.

मायकेनच्या बाराव्या वर्षी, हिवाळ्यात, गोष्टीतल्या बोर्गा खलाशिणीला विष चढलं. बोर्गा हे यॉर्डिसचं पात्र. औषध होतं अल्विनपाशी. वाट सात दिवसांची, आणि बोर्गापाशी उरलेले तीन. ती पडली होती त्या गुहेचं अल्विनने नुसतं वर्णन ऐकलं होतं. उडी मारते, असं मायकेन म्हणाली तेव्हा तिच्या हनुवटीला जॅम होता आणि हात कापत होते.

पुढची गोष्ट कुणाला दिसू नये म्हणून सिक्स्टेन आपल्यापुढे पुठ्ठ्याचा पडदा उभा करायचा. त्याच्या मागे त्याने मला टाकलं. मी चार दाखवले. स्वच्छ, सरळ चार. त्याने माझ्याकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, आणि "सोळा" म्हणाला.

काय तो आनंद झाला! मायकेनने माझा मुका घेतला. नशिबाचा फासा म्हणून माझं कौतुक झालं. मित्रांनो, न केलेल्या कामाची शाबासकी शिवीपेक्षा जास्त झोंबते.

एकदा खोटं बोललं की पुढचं सोपं जातं. अल्विन काही मरत नाही हे मायकेनच्या अंगवळणी पडलं. विसरलेली टोपी आणायलासुद्धा ती उडी मारू लागली. हात कापायचे थांबले. यॉर्डिस विणकाम घेऊन येऊ लागली. बोर्गाला मरण येईपर्यंत एक पायमोजा सहज होईल, असा टोमणा तिने एकदा मारलाही. हळूहळू गुरुवार चुकायला लागले, आणि मी खारट गोळ्यांच्या डब्यात आठवडेच्या आठवडे पडून राहिलो.

वसंतात एकदा पुन्हा खेळ मांडला गेला. मायकेन जॅमची बरणी घ्यायला पडद्यावरून वाकली. मी तीन दाखवत होतो आणि सिक्स्टेन "अठरा" म्हणत होता.

बरणी तशीच राहिली. तिने हळूच विचारलं, "मामा, गुहेच्या वेळीसुद्धा?"

सिक्स्टेनने चष्मा काढून पुसला. "चार पडले होते," तो म्हणाला. "त्याच महिन्यात तुझे बाबा घर सोडून गेले होते गं. आणखी कुणी तुझ्यापासून जावं, हे मला सहन होईना."

"बाबा गेले ते तू मला खरं सांगितलंस," मायकेन म्हणाली. "मग हे का नाही?"

तिने पडदा उचलून चुलीमागे ठेवला. गुहेतल्या त्या उडीसाठी तिला मला पुन्हा टाकायचं होतं, सगळ्यांच्या देखत. सिक्स्टेनने विनवलं, राहू दे म्हणाला. यॉर्डिसने विणकाम खाली ठेवलं. मला हातात धरलं तेव्हा मायकेनची बोटं पुन्हा कापत होती.

मी नऊ दाखवले.

दोन जास्त दाखवता आले असते, असं तुम्ही म्हणाल. नसते आले. मला ठरवता येत नाही, हीच तर माझी इज्जत आहे.

मायकेन रडली, चांगली हुंदके देऊन. मग तिने अल्विनच्या कागदावर खाली लिहिलं, 'न पाहिलेल्या जागी उडी मारली, बोर्गासाठी.' तो वरच्या खणात ठेवायला ती खुर्चीवर चढली, तर यॉर्डिसने बोर्गाचाही कागद तिच्या हातात दिला. "हाही ठेव वर. औषध पोचलंच नाही, तर मी कशी जगले असेन?"

"अगं, तू कशाला?" सिक्स्टेन म्हणाला.

"तू गप रे. माझ्यासाठी कुणी खडकात गेलं आणि मला कळायला वसंत उजाडला."

पुढच्या गुरुवारी सूप गरम असतानाच मायकेनने कोरा कागद मागितला. तिचं नवं पात्र एक मेंढपाळ मुलगी आहे, तिला जादूबिदू काही येत नाही. अल्विनचा खडक शोधायला ती निघाली आहे आणि यॉर्डिसचं नवं पात्र तिच्या सोबत. गेल्या गुरुवारी त्यांना नदी लागली. पूल मोडका होता, आणि मला टाकताना टेबलावर कुणी श्वास घेत नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला पुसून ठेवा, हरवू नका, पण त्याच्या नावावर खोटं बोलू नका. टाकायचं तर सगळ्यांच्या देखत टाका. एवढी छाती नसेल तर टाकूच नका. चालत जा, सात दिवस लागतील.