शकुनचं वाढलेलं वजन

सांगवीचा रविवारचा बाजार कापसाच्या गाड्यांनी भरायचा. पण १९६१च्या हिवाळ्यात काट्याभोवती गाड्यांपेक्षा माणसांचीच दाटी जास्त. कारण पुष्टीबाबा! सुकलेलं पोर बाबाकडे न्यावं, बाबानं त्याला 'सात समुद्रांचं तीर्थ' द्यावं आणि दर रविवारी भरबाजारात कापसाच्या काट्यावर त्याचं वजन व्हावं. वजन वाढलेलंच! इतर देव मनातल्या मनात पावतात. हा बाबा तोलूनमापून पावत होता.

"तौलो भाई, तौलो! डॉक्टर की सुई झूठी, बाबा का तीर्थ सच्चा!" बाबा गरजे. स्वारी थेट हिमालयातून आली होती म्हणे. तंबाखू मात्र अकोल्याची लागे.

काट्यावर असत सूर्यभानजी, तीस वर्षांचे जुने मापारी. कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून ते म्हणत, "काहून बाप्पा, पाणी शिंपडलं ना?" आणि गाडीवाला खाली पाही. त्यांना फसवणारा शेतकरी अजून जन्मायचा होता. बाबा मात्र जन्मलेला होता.

कारण आता काट्यावर त्यांची नात होती. तीन वर्षांची शकुन गोवरानंतर काडी झाली होती. बाबानं डाळ, दूध, शेंगदाणे बंद करून गुळाची साबुदाण्याची पेज आणि दिवसातून चारदा तीर्थ सांगितलं. महिन्याभरात आठ किलोची पोर साडेनऊ भरली! गाल फुगले. केस तांबूस झाले, ती म्हणे देवीची झाक. रडणं थांबलं, ती म्हणे समाधी. सूर्यभानजींनी आकडा खणखणीत पुकारला आणि बाबाच्या पायांवर डोकं ठेवलं.

त्याच आठवड्यात आहाराची पाहणी करणारं सरकारी पथक गावात आलं. त्यातल्या नर्स इंदूबाई गवई घरोघरी जाऊन भाकरी, डाळ, चटणी लहानशा तराजूत तोलत आणि वहीत लिहीत. "सरकारले आता भाकरीचाबी काटा लागला!" म्हणून गाव हसलं. सूर्यभानजी खूश झाले; त्यांना ही बाई आपल्याच धंद्यातली वाटली.

पण शकुनच्या ताटापाशी इंदूबाई थबकल्या. "डाळ?" नाही. "दूध?" नाही. त्यांनी पोरीच्या नडगीवर अंगठा दाबला आणि थोड्या वेळानं उचलला. खळगा तसाच राहिला.

"तुमी दाबून पाहा, सूर्यभानजी."

त्यांनी दाबलं. डोक्याच्या आधी बोटाला कळलं. "बाई," ते म्हणाले, "हा तं ओला माल हाय."

इंदूबाईंनी तीर्थाचा थेंब जिभेवर ठेवला. "मीठ कालवलं हाय यात. अंग बांधणारं अन्न नाही मिळालं की अंगात पाणी साचते, अन् मीठ ते धरून ठेवते. हे मांस नाही. आतून पोरगी सुकून राहिली. केसांचा रंग उपासानं उडाला. रडत नाही, कारण रडायचंही बळ उरलं नाही. उशीर केला तं हातची जाईल."

पथकाच्या डॉक्टरांनी तीर्थ बंद केलं, औषध दिलं, दुधाची भुकटी दिली आणि डाळीचं घट्ट वरण हळूहळू सुरू केलं. पुढच्या रविवारी शकुन काट्यावर बसली. सव्वाआठ!

"देखा!" बाबा नाचला. "बाबा को छोड़ा, बच्ची सूख गयी!"

सून वच्छलाने रडून घर डोक्यावर घेतलं. "मामाजी, लेक झिजून राहिली माही! बाबाचे पाय धरा!"

काटा खोटं बोलत नाही, हे सूर्यभानजींनी जन्मभर सांगितलं होतं. आता पोरीचा जीव काट्यावर सोपवावा की अंगठ्यावर? त्यांनी पुन्हा नडगी दाबली. खळगा पडला नाही. "वच्छला, वाळला कापूस हलकाच भरते. आठ दिस थांब."

पाचव्याच दिवशी शकुनने आजोबांच्या ताटातली भाकरी ओढली. त्यांनी गमतीनं मागे घेतली तर तिनं असा टाहो फोडला की शेजारी धावत आले. समाधी भंगली होती! वच्छला हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

रविवारी बाबानं दुसरं गुबगुबीत पोर काट्यापाशी आणलं. सूर्यभानजींनी दांडी धरून ठेवली. "पहिले माल पाहीन, मंग तोलीन." अंगठा दाबला. खळगा. लोक वाकून वाकून पाहू लागले. मग त्यांनी बाबाची झोळी उलटी केली. जमिनीवर खडेमिठाचा ढीग पडला.

"भस्म कर दूँगा!"

"करा ना. त्याच्या पहिले आपल्याच तीर्थाचा हा तांब्या घटाघटा प्या."

बाबानं तांब्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि शुद्ध वऱ्हाडीत म्हणाला, "मले एसटी धरा लागते." हिमालय तिथंच वितळला. बाबा गेला तो गेलाच.

लोक हसले. सूर्यभानजी हसले नाहीत.

"हसू नका. आकडा मीच पुकारला होता. काटा वजन सांगते, कशाचं ते सांगत नाही. ते आपल्याले विचारा लागते. कापूस घेताना ढिगात हात घालता, बैल घेताना दात पाहता, अन् पोराच्या जिवाची गोष्ट आली की डोळे मिटून हात जोडता! काहून? चमत्कार दिसला तं पहिले बोट लावून पाहा. खरा असन तं बोटानं मोडत नाही."

मग त्या फुगलेल्या पोराच्या आईनं त्याला कडेवर घेतलं आणि इंदूबाईंना विचारलं, "बाई, मंग याले चारू काय?"

"पहिले डॉक्टरले दाखवू. मंग काय चारायचं ते सांगीन. बसा."

ती बसली. तिच्यामागे दुसरी बसली, तिसरी बसली, आणि बघता बघता काट्याभोवतीचा सारा बाजार ऐकायला खाली बसला.