टिंबाच्या पुढचं अक्षर

पडद्यावर दोन टिंबं. एकाला एक चिकटलेली, मोहरीएवढीही नाहीत... आणि त्यांच्याखाली लाल अक्षरांत: चूक, ओळ पहिली.

कलाबाईंनी कीबोर्डवरून बोट उचललं, पदराला पुसलं. "मी म्हनलं होतं ना, मले नाही जमत हे."

"आई, थांब न. तुह्यं नाही चुकलं."

महामाया बोलली खरी, पण तो 'चूक' शब्द तिनंच लिहिलेला होता. चार महिने खपून तिनं संगणकासाठी ही छोटी भाषा रचली होती, 'मोज', 'दाखव', 'पुरे' अशा आईच्या तोंडच्या शब्दांची, आणि तिच्यातली पहिली ओळ आईनंच लिहायची, हे मनाशी ठरवलं होतं — धामणगाव बढेच्या अंगणवाडीत मदतनीस असलेल्या, सातवीत शाळा सुटलेल्या आईनं. फळ्यावर गणित अर्ध्यात असतानाच गुरुजींनी तिच्या हातून खडू काढून घेतला होता. आई हे हसत सांगायची. पण दरवर्षी सांगायची...

आईनं लिहिलं होतं: १..१० मोज. एकपासून दहापर्यंत. मग बिघडलं कुठे? मी तर शंभरदा तपासलंय — हो, पण मी नेहमी मध्ये जागा सोडून लिहिते. आईनं सगळं जोडून लिहिलं, आणि एकेक अक्षर वाचत जाणारा माझ्या प्रोग्राममधला तो स्कॅनर... एक दिसला, टिंब दिसलं, की त्यानं ठरवूनच टाकलं, हा दशांश अपूर्णांक! पुढे अंक येईना, तर ओरडला.

टिंब उचलण्याआधी त्यानं नुसतं पुढचं अक्षर डोकावून बघायचं. अंक असला तर अपूर्णांक. नसला तर आकडा तिथंच संपला, टिंबाला हात लावायचा नाही. एवढंच! तिला हसू फुटलं. दोन ओळी लिहिताना बोटं अडखळली, इतकी घाई झाली.

"आता पुन्हा लिही. तसंच, जोडून."

कलाबाईंनी कळा शोधून शोधून दाबल्या. आकडे एकाखाली एक उतरले. त्या मोठ्यानं वाचू लागल्या, दहापर्यंत, जणू हे आकडे आजच कुणी शोधून काढले होते.

"म्हंजे माह्यं बरोबर होतं?"

"हाव. पयलेपासूनच."

कलाबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मंग दहापासून उलटं मोजते काय हे?"

याचा महामायेनं विचारच केला नव्हता. काय होईल, तिला खरंच ठाऊक नव्हतं — आणि ठाऊक नसण्यात इतकं हलकं, इतकं मोकळं वाटू शकतं...

"लिहून पाह्य," ती म्हणाली.