हरणाला हरीण म्हणणारा ठोकळा

मित्रांनो, मी आहे गोष्टवाल्यांनी लोकांचं लक्ष वेधायला टेबलावर आपटायचा जुना लाकडी ठोकळा. अंगाने साबणाच्या वडीएवढा, पण आवाज असा की भरलेलं दुकान चिडीचूप व्हावं. सिचुआनमध्ये, नदीकाठच्या एका गावात, चहाच्या दुकानात माझी उमर गेली.

मला तासलं तिथे गोष्टी सांगणाऱ्या तोंग म्हाताऱ्याने. तो गेला आणि त्याची मुलगी सूयुन टेबलामागे उभी राहिली. बाई गोष्ट सांगणार म्हणून लोक फिदीफिदी हसले.

"चूल सोडून ठोकळा कशाला गं?" एकाने टोमणा मारला.

"चुलीवर भात शिजतो, काका. इथे अक्कल शिजवायची आहे. बसा, तुम्हाला जरा वेळ लागेल!"

आणि तिने मला असं दणकन आपटलं की काकांचा चहा सांडला.

आमच्याकडे चार अक्षरांच्या वाक्प्रचारात अख्खी गोष्ट मुरवून ठेवतात. चित्रातल्या सापाला उगाच पाय काढून पैज हरलेला माणूस घ्या. नको ती भर घालून कुणी काम बिघडवलं की आम्ही त्या सापाच्या पायांचं नाव काढतो. सूयुन अशाच गोष्टी सांगायची आणि शेवटी त्यांचा अर्थ उलगडायची.

एका वसंतात नाक्यावरच्या शिपायांचा नायक हाओ याने घाटावर वेई नावाड्याला गोळी घातली. का, तर फुकट होडी द्यायला तो नाही म्हणाला. भरल्या बाजारात, सगळ्यांदेखत. वर हाओने जाहीर केलं, "वेई दारू पिऊन बुडाला." लोकांनी मुकाट माना डोलावल्या. वेईची बायको लानशिउ दारोदार फिरली, "तुम्ही पाहिलंत ना हो?" दारं लागत गेली. अखेर ती सूयुनकडे आली.

"उद्या दुपारी ये. पुढच्याच खुर्चीवर बस," सूयुन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हाओसुद्धा आला, बंदूक मांडीवर घेऊन. सूयुनने त्याच्याकडे पाहिलं आणि मला आपटलं.

"एका प्रधानाने दरबारात हरीण आणलं. म्हणाला, महाराज, घोडा आणलाय. राजा हसला. प्रधानाने दरबाऱ्यांना विचारलं, सांगा, काय आहे हे? भ्याले ते म्हणाले, घोडा. जे हरीण म्हणाले, त्यांची मुंडकी उडाली. तेव्हापासून डोळ्यांदेखतचं खोटं लोकांकडून खरं म्हणून वदवून घेणाऱ्याला आम्ही हरणाचा घोडा करणारा म्हणतो." तिने लोकांकडे वळून विचारलं, "आता तुम्ही सांगा. काय होतं ते?"

हाओ उठला. "थोबाड बंद कर!" त्याने मला उचलून चहाच्या शेगडीत फेकलं.

मित्रांनो, निखारा काय असतो ते मला तेव्हा कळलं. माझी एक बाजू चरचरली. सूयुनने नुसता हात घालून मला बाहेर काढलं, फोडांनी भरलेल्या त्याच हाताने पुन्हा टेबलावर आपटलं आणि पुन्हा विचारलं, "काय होतं ते?"

कोपऱ्यातून किटली धरलेला म्हातारा फू बोलला. "हरीण."

"हरीण," भाजीवाली म्हणाली.

"हरीणच होतं! आणि वेई बुडाला नाही. मी पाहिलंय!" टोमणेवाले काका खुर्चीवर चढून ओरडले.

मग सगळं दुकान गर्जत सुटलं. हाओने बंदूक उचलली, पण नेम धरायचा कुणावर? शिव्या घालत तो निघून गेला. चारचौघांत लानशिउ पहिल्यांदाच मोकळेपणाने रडली.

हाओला शिक्षा झाली नाही, हेही सांगायला हवं. त्याने दुकानाला कुलूप ठोकलं. सूयुन मला कमरेला बांधून दुसऱ्या घाटांवर गोष्टी सांगू लागली. भाजलेल्या उजव्या हाताची बोटं पुरती वळेनात, म्हणून डाव्या हाताने मला आपटायची. लानशिउने मात्र नवऱ्याच्या थडग्यावरच्या दगडात कोरून घेतलं, 'हाओच्या गोळीने मारला गेला'. हाओने दगड फोडायला माणसं पाठवली, तर गाव थडग्याभोवती उभं राहिलं. दगड अजून तिथेच आहे.

सूयुनही आता नाही. हल्ली मी संग्रहालयात काचेच्या कपाटात असतो. लोक येतात, काय सुंदर लाकूड म्हणतात आणि पुढे जातात. मित्रांनो, मला तेल लावून चकाकवू नका. माझी काळजी घ्यायची असेल तर ती काच काढा आणि मला टेबलावर आपटा, अगदी मोठ्यांदा. तडा गेला तर जाऊ दे!