घर शुद्ध झालं तेव्हा

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझा आवाज बारीक आहे, पण गोष्ट ऐकण्याजोगी आहे. मन लावून ऐकाल तर घरी जाताना काहीतरी पदरात पडेल.

मी एक जुनी पाटी आहे. माझा एक कोपरा उडालाय आणि लाकडी चौकट खिळखिळी झालीय. डोंगरातल्या काळ्या दगडातून मला कापलं, घासलं आणि एका छापखान्यात टांगलं. तिथले मुद्रितशोधक, म्हणजे छापलेल्यातल्या चुका काढणारे गृहस्थ, माझ्यावर रोज एक अशुद्ध शब्द लिहीत आणि शेजारी शुद्ध. "पाटी बघून घ्या रे," असं छपाईचे खिळे जुळवणारे जुळारी एकमेकांना सांगत. तेव्हा माझा मोठा मान होता.

ते निवृत्त झाले आणि मला घरी घेऊन आले. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळा ठोकला, माझ्या चौकटीवर खडू ठेवला. त्याच सुमारास घरात त्यांची सून आली, लांबच्या मुलखातली. ती 'पाणी'ला 'पानी' म्हणे, 'शाळा'ला 'साळा'. "आले, मामंजी" म्हणायच्या ऐवजी "येऊन राहिले" म्हणे. मामंजींच्या कानांत जणू खडा जाई. ते उठत आणि माझ्यावर लिहीत. संध्याकाळी मुलगा कामावरून आला की तोही वाचून हसे.

"अहो, झोपेत तुम्ही बडबडता ते कोण तपासतं?" सासूबाई विचारत.

"भाषा म्हणजे संस्कार असतो."

"असेल. पण देव हाक ऐकून धावतो. तो काय 'ण' तपासत बसतो?"

मामंजी हसण्यावारी नेत. सून मात्र शब्द तोलून बोलू लागली. अडचणीचा शब्द आला की वळसा घाली. 'पाणी हवंय का' असं न विचारता पेलाच पुढे करी. पुढे पुढे मान हलवूनच भागवू लागली. मी दिवसेंदिवस कोरी राहू लागले. आठ दिवस खडू उचलला गेला नाही, तेव्हा मामंजी मिशीत हसले. "बघ, घर शुद्ध झालं!"

"शुद्ध नाही हो," सासूबाई म्हणाल्या, "मुकं झालंय."

पुढे सुनेला मुलगी झाली. ही नात दोन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलेना. डॉक्टरांकडून परतल्यावर सासूबाई पिशवीसुद्धा खाली न ठेवता म्हणाल्या, "कान ठणठणीत, जीभ ठणठणीत. डॉक्टरांनी एकच विचारलं, दिवसभर हिच्याशी बोलतं कोण?"

मामंजी दारात आले.

"सूनबाई, तू लेकीशी बोलत का नाहीस?"

ती खाली बघत म्हणाली, "माझं ऐकून तीही माझ्यासारखीच बोलली तर? मग तिलाही पाटीवर लिहाल."

मी कोरीच होते, तरी मामंजींनी मला पुसलं. खडू मात्र फेकला नाही. जुनी सवय, खिशात टाकला. "बोल बाई," ते म्हणाले. "जसं येतं तसं बोल."

इतक्या दिवसांचा अबोला एका दिवसात थोडाच जातो? आधी ती लेकीच्या कानाशी पुटपुटली. मग भांडी घासताना सांगू लागली, "बग, हा पेला कसा लोळून राहिला!" मामंजींच्या कपाळाला आठ्या पडत, पण ओठ शिवलेले.

महिने गेले. एका सकाळी मामंजी वाचत बसले होते. नात दुडुदुडु त्यांच्यापाशी गेली, गुडघा धरून उभी राहिली, त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि बोट रोखून म्हणाली,

"कोन?"

सुनेच्या हातातला चमचा थांबला. मामंजींचा हात खिशाकडे गेला. मी तीस वर्षं तो हात ओळखते. खडू कुठल्या बोटांत धरतात तेही मला ठाऊक. सगळं घर त्या हाताकडे बघत होतं.

हात रिकामाच बाहेर आला. नातीच्या डोक्यावर टेकला.

"मी?" ते खाली वाकले. "मी आजोबा, बाळा."

सुनेनं पदर डोळ्यांना लावला, मग हसली, मग जे बोलायला लागली ते जेवणाची वेळ टळली तरी थांबेना.

मित्रांनो, त्यानंतर माझ्यावर कुणी लिहिलं नाही. धूळ बसते, तिचं मला वाईट वाटत नाही. एवढंच मागते: कुणाचा शब्द कानाला खटकला आणि दुरुस्ती जिभेवर आली, तर क्षणभर त्या आजोबांची आठवण करा.