शांत वस्तीतली खोली

कलावतीला घर मोठं नको होतं, शांत हवं होतं. हे दीपेश दलालाच्या काही केल्या डोक्यात शिरेना. तो बिचारा दर वेळी लिफ्ट दाखवी, फरशी दाखवी, खिडकीतून वाकून दिसणारी खाडी दाखवी. ही बाई हातानेच त्याला गप्प करी आणि खोलीच्या मध्यात उभी राहून नुसती ऐके. कंटेनरचा हॉर्न कानावर आला की ती चपला घालायला वळे. वळ गावातली जागा तिने अशीच मोडीत काढली आणि दापोड्याला तर ती रिक्षातून उतरलीसुद्धा नाही. शेवटी भिवंडीच्या कडेला, गोदामांच्या रस्त्यापासून बरीच आत, एक खोली सापडली. जाहिरातीत तिला स्टुडिओ अपार्टमेंट म्हटलं होतं. म्हणजे एकच खोली, कोपऱ्यात ओटा आणि वर नावाचा रुबाब. पण बाहेर कावळा ओरडला तर तो ओरडलेला कळत होता. कलावतीने तिथल्या तिथे जागा पक्की केली.

नवऱ्याला, राघोला, विचारलं तर त्याने मान हलवली. तो सगळ्यालाच मान हलवायचा.

जुनी खोली विकून आणि गळ्यातलं मोडून ही घेतली. जुन्या खोलीची मागची भिंत पॉवरलूमच्या शेडची होती आणि राघोने उभा जन्म त्याच शेडमध्ये लूम चालवण्यात घालवला होता. कलावती लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, ही भिंत आज नाही तर उद्या अंगावर येणार. भिंत पडली नाही, पण घरातलं बोलणं पडलं. शेडमध्ये कोणी कोणाशी बोलत नसे. लूमच्या खडखडाटात बोलून उपयोग नव्हता. मान हलवायची, हात वर करायचा, की समोरच्याला ठीक आहे एवढं कळे. ड्युटी संपली की माणसं तीच सवय घेऊन घरी येत. लाइट गेली की लूम थांबत, तेव्हा सगळी आळी ओट्यांवर जमून गप्पा हाणी आणि राघो मात्र तेवढ्यात झोप काढून घेई. कलावती म्हणायची, एकदा शांत जागा मिळू दे, मग या माणसाला समोर बसवून बोलायला लावते.

तिला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती बारा वर्षं तिच्या घशाशी अडकली होती.

त्यांची मुलगी धम्मदिना नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. बापाची लाडकी. राघोने एक दिवसाची मजुरी बुडवून स्वतः तिचा प्रवेश घेतला होता. तेवढ्यात जळगावकडचं स्थळ आलं. मुलगा दिसायला बरा, नोकरी कायमची, आणि पाहुणे तर असे घाईवर आलेले की होकार घेतल्याशिवाय उठेनात. बापाचा शब्द हवा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, आणि बाप ड्युटीवर. डब्याची वेळ झालीच होती. कलावती डबा घेऊन शेडमध्ये गेली, राघोच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, पाव्हन्यांना होय सांगू का? राघोने तिच्याकडे पाहिलं, मान हलवली, हात वर केला. ती घरी आली आणि पेढे वाटले. धम्मदिना रडून म्हणाली, बाबा असं म्हणणारच नाहीत. तर कलावतीने तिला ठणकावलं होतं, तुझ्या बापानेच होय म्हटलंय.

लग्नाची माती झाली. शिक्षण सुटलं, नवऱ्याने दुसरी आणून घरात बसवली. आज धम्मदिना जळगावात एका दवाखान्यात आया आहे. ज्या वॉर्डात तिने नर्स म्हणून फिरायचं, तिथे ती भांडी धुते. आईला फोन करते. बापाशी मात्र ती तेव्हापासून एक शब्द बोललेली नाही, आणि राघोनेही कधी विषय काढला नाही. कलावतीला याचाच राग होता. पोरीचं वाटोळं करून हा माणूस मूग गिळून कसा बसू शकतो?

नव्या खोलीत बुद्धवंदना झाली, चार पाहुणे जेवून गेले, सामान लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी राघो दाराजवळ खुर्ची टाकून खिडकीबाहेर पाहत बसला होता. कलावती ओट्याशी उभी होती. एवढी शांतता, की तिला स्वतःच्या बांगड्यांचा आवाज नकोसा झाला. तिने त्याच्या पाठीकडे पाहत विचारलं, "तुमी त्या दिशी पाव्हन्यांना होय का म्हनलात?"

राघो हलला नाही.

तिने पुन्हा विचारलं. मग बारा वर्षांचं सगळंच तोंडातून बाहेर पडलं. पोरीच्या अंगावरचे वळ, तिचे हात, वॉर्डातली भांडी. त्याची पाठ तशीच. ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्या त्या पाठीचा तिला इतका संताप आला की हातातला पेला फेकावासा वाटला.

तेवढ्यात बेल वाजली. नवीन बेल, आवाज खणखणीत, आणि ती बरोबर राघोच्या डोक्यावर बसवलेली. ती दुसऱ्यांदा वाजली. तिसऱ्यांदा वाजली. राघो खिडकीबाहेर पाहत राहिला.

कलावतीने दार उघडलं. समोरच्या खोलीतली उन्नती होती. मावशी, काका एखादाच शब्द बोलतात पण एवढ्या मोठ्याने, की आमचं बाळ दचकून उठतं, जरा सांगाल का, असं तिने गोडीत सांगितलं. कलावतीने बरं म्हणून दार लावलं आणि ती नवऱ्याच्या समोर जाऊन जमिनीवर बसली. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, नेहमी पाहायचा तसं, डोळे ओठांवर ठेवून.

"तुमाला ऐकू येत न्हाय," ती म्हणाली.

"न्हाय."

"कवापासून?"

"लय वर्सं झाली. कामावरनं काढलं असतं, म्हनून कोनाला बोललो न्हाय. शेडमधी कुठं कान लागतात? मशीन पायाखाली कळायचं." त्याने पाय फरशीवर टेकवून पाहिला. "हितं फरशी पन गप्प हाय."

कलावतीने ओठ नीट हलवत, हळूहळू, तो प्रश्न पुन्हा विचारला. पाहुणे आले त्या दिवशी शेडमध्ये मान का हलवली?

"तू डबा घेऊन आलतीस," राघो म्हणाला. "मला वाटलं, ठेवून जाते. घरी आलो तर पेढे वाटून झालते. मला इचारलं पन न्हाय, म्हनून मी बोललो न्हाय. आईनं ठरवलं, म्हटलं, आता बाप कशाला मधी."

पेढे कलावतीने शेडमध्ये जायच्या आधीच आणून ठेवले होते. हे आजवर तिने कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. स्थळ तिला आवडलं होतं. तिला फक्त एक हललेली मान हवी होती, आणि ती हलली.

फोन वाजला. धम्मदिना होती. नवं घर कसं आहे, झोप लागली का, असं विचारून झाल्यावर ती थोडी थांबली.

"आई, शांत जागा मिळाली की बाबांना इचारीन म्हनली होतीस. इचारलंस?"

राघो हातभर अंतरावर बसला होता. त्याचे डोळे कलावतीच्या ओठांवर होते. पोरीचा फोन आहे हे त्याने ओळखलं असावं, कारण तो खुर्चीत जरा पुढे सरकला.

कलावतीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"इचारलं," ती म्हणाली. "कायबी बोलत न्हाय गं ते."